शेपटीतले साठ ग्रॅम

मला लिहिता येतं असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि तोही मेकॅनिकलच्या डिप्लोमापर्यंत. शाळा इंग्रजी मीडियमची, आणि आम्ही राहतो तेलुगू मुलखात, म्हणून दुसरी भाषा तेलुगू. मराठी वाचायला बाबांनी शिकवलं, कापडाच्या गठ्ठ्यांना गुंडाळून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवरून. म्हणून काना-मात्रा चुकला तर माफ करावं, आणि माझ्यासारख्यानं लिहायला बसण्याचं धाडस केलं, त्याबद्दलही. ज्यांचं विमान मी पाडलं, त्या देवधर सरांनीच 'हे लिहून दे' असं सांगितलं आहे. विमान पाडल्यावर त्यांना आणखी एका गोष्टीला नाही म्हणणं मला जमलं नाही.

सहा आठवडे आमच्या अंबरपेठच्या घरात छताला एक पंख टांगलेला होता. पाच फूट लांब, लाल रंगाचा. घर दोन खोल्यांचं, आणि पंख जमिनीवर ठेवला तर झोपायचं कुठे हा प्रश्न. म्हणून माझ्या पाळण्याच्या जुन्या हुकाला तो बांधला. बाबांचं डोकं त्याला पहिल्या दिवशी चार वेळा लागलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवसापासून ते घरात शिरताना वाकायला लागले. पंख गेल्यावरही आठवडाभर वाकत होते.

बाबा सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात सेल्समन आहेत. त्याच इमारतीत, जिना चढून वर गेलं की साजिदभाईंचं हॉबी शॉप आहे. रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, बोटी आणि विमानं. मी विद्यानगरचं कॉलेज सुटलं की तिथे कामाला जातो. काम किट जोडण्याचं. लोक हौसेनं विमानाचं किट घेतात. पण किट म्हणजे विमान नव्हे. किट म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या, तारा, चाकं आणि एक जाड पुस्तिका. घरी जाऊन बॉक्स उघडला की हौस जाते. सहा महिने बॉक्स दिवाणाखाली राहतो. मग तो आमच्याकडे येतो.

देवधर सरांचा बॉक्स असाच आला. सर मूळचे पुण्याचे, इथे आयटीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी पुस्तिका पूर्ण वाचली होती आणि समासात पेन्सिलीनं शंका लिहिल्या होत्या. पान चारवर लिहिलं होतं, 'हे कसं शक्य आहे?'

साजिदभाईंनी बॉक्स माझ्यापुढे सरकवला.

"ये तू अकेला बना. मैं हात नहीं लगाता."

"भाई, पूरा?"

"हौ, पूरा. उड़ा तो तेरा लेटर पक्का."

हे लेटर काय ते सांगायला हवं. शहराच्या कडेला विमानांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. तिथे अप्रेंटिसची भरती निघाली होती. अर्जासोबत एक पत्र हवं होतं, उमेदवारानं एखादं यंत्र स्वतंत्रपणे जोडून चालवून दाखवलं आहे, असं. माझ्या ओळखीत असं पत्र देऊ शकणारे एकटे साजिदभाई. ही संधी गेली तर पुढची भरती वर्षानं. तोवर बाबा मला खाली काउंटरला लावणार होते. मालकांशी त्यांचं अर्धं बोलणं झालंही होतं. काउंटर वाईट नाही. पण मी तीन वर्षं ड्रॉइंग बोर्ड घेऊन सिटी बसमधून लटकलो होतो, ते काउंटरसाठी नव्हे.

साजिदभाईंचं दुकान जेमतेम आठ फुटांचं. म्हणून विमान घरी जोडायचं ठरलं.

किटमधलं लाकूड बाल्साचं असतं. ते इतकं हलकं, की पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा साजिदभाईंनी चुकून रिकामा बॉक्स दिला असं मला वाटलं. नख लागलं तरी खळगा पडतो. पंखाच्या आत माशाच्या काट्यांसारख्या फासळ्या ओळीनं उभ्या करायच्या. त्याला रिब म्हणतात. चिकटवायला सीए नावाचा ग्लू. तो दहा सेकंदांत धरतो, आणि लाकूड की बोट असा भेद करत नाही. पहिल्याच आठवड्यात माझी दोन बोटं एकमेकांना आणि दोन्ही मिळून एका रिबला चिकटली. बस निघायची वेळ झाली होती, तसाच कॉलेजला गेलो.

"हातात काय आहे?" लेक्चररनी विचारलं.

"रिब आहे सर."

"कुणाची?"

सांगाडा झाला की त्यावर चमकदार फिल्म चढवायची. ती इस्त्रीनं तापवली की ताणून बसते. घरात इस्त्री एकच. तिच्यावर लागलेला लाल रंग बाबांच्या शर्टाच्या खांद्यावर उतरला. ते तसेच कामाला गेले. गिऱ्हाइकांनी विचारलं तर म्हणाले, नवीन डिझाइन आहे.

आई सुरुवातीला लांबूनच बघायची. "काय करलालास हे? पतंग आहे का?" मग रंग चढला, चाकं लागली, आणि ती पतंग म्हणायची थांबली. आमच्या घरात मुलगी नाही. का कोण जाणे, ती विमानाला 'बाई' म्हणायला लागली. सकाळी झाडताना बाईला बाजूला कर, म्हणायची. पाहुणे आले की बाईवर चादर टाकायची, नजर नको म्हणून. पुढच्या बाजूला बॅटरी ठेवायला एक छोटं झाकण असतं. त्याला लोहचुंबक लावलेलं, म्हणून ते टक् आवाज करून बसतं. आईला त्या आवाजाची गंमत वाटायची. येता-जाता ती ते एकदा उघडून लावायची.

शनिवारी संध्याकाळी विमान पुरं झालं. मी सीजी तपासला. सीजी म्हणजे विमानाचा तोल जिथे सावरतो ती जागा. खांद्यावर शिडी घेऊन चालताना आपण मधोमध धरतो, तसंच. पंखाखाली दोन खुणा असतात. तिथे दोन बोटांवर विमान उचलायचं. ते आडवं राहिलं पाहिजे. नाक किंचित खाली झुकलं तर चालतं, शेपूट मुळीच झुकता कामा नये. मी तीनदा तपासला. तिन्ही वेळा बरोबर. बाबांनाही बोटांवर धरायला दिलं. ते म्हणाले, "मीटरची पट्टी धरल्यासारखं आहे." त्यांच्याकडून ही मोठी शाबासकी.

रविवारी पहाटे साजिदभाई स्कूटर घेऊन गल्लीत आले. मी आंघोळ करून निघालो. पंख चादरीत गुंडाळून पाठीला बांधला, आणि विमानाचं धड मांडीवर उभं धरलं, नाक वर आणि शेपूट खाली. आई दारापर्यंत आली. तिनं विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावलं होतं. ते मी पाहिलं. नवी गाडी आणली तरी लावतातच, म्हणून काही बोललो नाही.

वाटेत शेपटीकडे काहीतरी खुडखुड वाजत होतं. पण साजिदभाईंच्या स्कूटरवर न वाजणारी वस्तू म्हणजे फक्त हॉर्न.

मैदान शहराबाहेर, घटकेसरच्या पुढे आहे. देवधर सर आमच्याआधी येऊन, टोपी घालून उभे होते. वारा आठनंतर वाढतो, त्याआधी उडवायचं होतं. मी पंख बोल्टनं बसवला. बॅटरीसाठी झाकण उघडलं, तर आत तांदळाचे दोन दाणे दिसले. एक जरा पिवळसर होता. आमच्या घरात तांदळाचे दाणे कुठेही सापडतात, माझ्या दप्तरातही. मी ते फुंकर मारून उडवले आणि बॅटरी बसवली.

साजिदभाईंची एक चेकलिस्ट आहे. चौदा ओळी. प्रत्येक उड्डाणाआधी ते ओळ वाचतात, आणि विमान जोडणाऱ्यानं बघून टिक करायची. ते शिस्तीचे आहेत. दुकानात चहा सांडला तरी ओरडत नाहीत, पण लिस्ट हरवली तर ओरडतात.

"नौ नंबर. बैटरी डालके सीजी."

मी वळून पाहिलं. देवधर सरांनी विमान दोन्ही हातांत घेतलं होतं आणि आपल्या गाडीच्या ड्रायव्हरकडून फोटो काढून घेत होते. एक छातीशी धरून, एक डोक्यावर धरून. आता एका गुडघ्यावर बसून चालला होता. सरांच्या हातातून विमान कसं मागायचं, मला सुचेना. मोठ्या माणसाच्या हातातली वस्तू ओढून घ्यायची नाही, हे मला घरातून आलेलं आहे. आणि आदल्या संध्याकाळी तीनदा तपासलं होतंच.

"सीजी देखा?"

"हौ भाई," मी म्हटलं आणि टिक केली.

विमान जमिनीवर ठेवलं तेव्हा पुढचं चाक जेमतेम टेकलं होतं. मला वाटलं, खाली खडा असेल.

साजिदभाईंनी रिमोट हातात घेतला. मोटर गुणगुणली. विमान धावलं आणि मी बघितलेल्या कुठल्याही विमानापेक्षा लवकर उचललं गेलं. देवधर सर टाळ्या वाजवू लागले. मग विमानानं नाक वर केलं. आणखी वर केलं. मग ते शेपटीवर उभं राहिलं, कोपऱ्यात ठेवलेल्या झाडूसारखं.

"हे ठरलेलं आहे का?" सरांनी विचारलं.

"नहीं," साजिदभाई म्हणाले.

ते नाक खाली दाबायचे, विमान झोकांडी खाऊन पुढे यायचं, आणि पुन्हा उभं राहायचं. असं चार-पाच वेळा झालं. साजिदभाई वीस वर्षं विमानं उडवतात. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही, फक्त जीभ दातांत आली. शेवटी त्यांनी ते हळूहळू खाली आणलं. मैदानात नाही आणता आलं. शेजारच्या शेतात एक घर आहे, त्याच्या अंगणात ते दिसेनासं झालं. मग कोंबड्यांचा ओरडा ऐकू आला.

आम्ही धावलो. कुंपण ओलांडून पोचेपर्यंत पाच-सहा मिनिटं गेली. विमान एका शेणाच्या ढिगाशेजारी पोटावर बसलं होतं. उजवा पंख मधून मोडला होता आणि शेपटीजवळ फिल्म फाटली होती. आरडाओरडा कधीच थांबला होता. सात-आठ कोंबड्या शेपटीभोवती शांतपणे दाणे टिपत होत्या.

देवधर सर दम खात म्हणाले, "या माझ्या विमानातलं काय खातायत?"

साजिदभाई वाकले. त्यांनी फाटलेल्या जागेतून बोट घातलं. तांदूळ निघाले. हळदीनं पिवळे झालेले तांदूळ. मग एक सुपारी आली. मग एक हळकुंड. ते एकेक वस्तू तळहातावर ठेवत गेले, जादूगार टोपीतून काढतो तशा, पण त्यांना स्वतःलाच पुढे काय येणार ते ठाऊक नव्हतं.

"क्या मियाँ," ते म्हणाले, "ये कौनसे पेज पे लिखा था?"

एक कोंबडी पुन्हा जवळ आली. "हट. सबूत है ये," म्हणत त्यांनी तिला हुसकलं. उरलेलं सगळं रुमालात बांधलं. नंतर दुकानातल्या काट्यावर ते साठ ग्रॅम भरलं. कोंबड्यांनी किती नेलं, त्याची नोंद नाही. दीड किलोच्या विमानाच्या शेपटीत साठ ग्रॅम म्हणजे फार. पोटात आडव्या फळ्या असतात, त्यांना वजन कमी करायला भोकं पाडलेली असतात. स्कूटरवर मी धड उभं धरलं होतं. पुढे घातलेलं सगळं त्या भोकांतून घरंगळत थेट शेपटीत जाऊन बसलं होतं.

कुणी घातलं, हे मला कळलं होतं. तरी फोन लावला. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं.

"आई, विमानात तांदूळ कसे आले?"

"मी घातले की."

"कधी?"

"तू आंघोळीला गेलास तेव्हा. मूठ नाही घातली, बोटांनीच. पाच वेळा. ओटी नको का भरायला? सहा आठवडे राहिली बाई घरात. मोकळी कशी लावून देऊ?"

देवधर सर पुढे झाले.

"नमस्कार. मी देवधर. विमान माझं आहे."

"हां, हां, नमस्कार. पोचली का नीट?"

सरांनी मोडलेल्या पंखाकडे पाहिलं. "पोचली," ते म्हणाले. "जरा घाईत पोचली. पण ताई, मला सांगा, विमानाची ओटी कोण भरतं?"

"तुमच्याच घरी येणार होती ना ती?"

"हो."

"मग? मोकळी आली असती तर तुमच्या घरच्यांनी नाव कुणाला ठेवलं असतं? आम्हालाच की."

देवधर सर पुस्तिकेच्या पानापानावर शंका काढणारे. पण इथे त्यांनी मान डोलावली. त्यांनी "बरं, बरं" म्हणून फोन माझ्याकडे दिला.

"ओटी बोले तो?" साजिदभाईंनी विचारलं.

"भाई, लड़की घर से जाती तो पल्लू में चावल डालते."

"हौ, हमारे में भी गोद भरते. पूँछ नहीं भरते."

सर हसायला लागले, आणि एकदा लागल्यावर थांबेनात. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो. पण साजिदभाई हसत नव्हते. त्यांनी खिशातून चेकलिस्ट काढली आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ये टिक किसकी?"

"मेरी."

"यहाँ देखा था?"

इथे मी दोन गोष्टी सांगू शकलो असतो. आईनं घातलं, मला काय माहीत. किंवा, विमान सरांच्या हातात होतं. दोन्ही खऱ्या होत्या. पण विमान दोन बोटांवर एकदा उचललं असतं तर शेपूट तिथेच खाली गेलं असतं. आणि त्याआधी मी दोन दाणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून फुंकले होते.

"नहीं देखा भाई. कल घर में देखा था."

"कल तो चावल नहीं था."

एवढंच बोलून ते विमान उचलू लागले.

घरी आलो तर आई दारात. मोडका पंख बघून ती भिंतीला टेकली. "माझ्यामुळं पडली का?"

"नाही. मी तपासायला पाहिजे होतं."

"मग तपासायचं की," ती म्हणाली. आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेली.

अर्जासोबत पत्र द्यायची शेवटची तारीख त्याच शुक्रवारची होती. पंख दुरुस्त व्हायला दोन आठवडे लागणार होते. बुधवारी बाबांनी विचारलं, मालकांना काउंटरचं पक्कं सांगू का. मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांबा. गुरुवारी साजिदभाईंनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. त्यांना इंग्रजी टाइप करणं आवडत नाही. त्यामुळे माझ्याविषयीचं पत्र ते दखनीत बोलणार आणि मी इंग्रजीत टाइप करणार, अशी व्यवस्था झाली.

"लिख. ये लड़का अकेला पूरा विमान बनाया."

मी लिहिलं.

"पहली उड़ान में गिरा. कायकू गिरा वो भी लिख. चावल लिख."

"भाई, चावल लिखना है?"

"गिरा सो गिरा. छुपाने से उड़ता क्या?"

मी लिहिलं. विमानाच्या शेपटीत तांदूळ, सुपारी आणि हळकुंड होतं, उमेदवारानं मैदानावर तोल तपासला नव्हता, विचारल्यावर त्यानं स्वतः कबूल केलं. सुपारीला इंग्रजी शब्द मला शोधावा लागला.

"अब आख़री लाइन. हाथ अच्छा है. टिक पे अभी भरोसा नक्को."

हे वाक्य स्वतःच्या बोटांनी टाइप करणं सोपं नव्हतं. मी दोनदा खोडलं. साजिदभाई मागे उभे होते. तिसऱ्यांदा राहू दिलं. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि वर म्हणाले, "अच्छा लेटर है."

इंटरव्ह्यूला तिघे जण बसले होते. मधल्या मॅडमनी पत्र वाचलं, बाजूच्याला दिलं, त्यानं तिसऱ्याला दिलं. तिसऱ्यानं चष्मा काढला.

"तांदूळ कुठल्या जातीचे होते?" त्यांनी तेलुगूत विचारलं.

"सोना मसूरी, सर."

पुढची वीस मिनिटं त्यांनी फक्त सीजीवर प्रश्न विचारले. साठ ग्रॅम, शेपटीपर्यंतचं अंतर, तोल किती मागे सरकेल, फळ्यावर मांडून दाखव. मी मांडलं. एकदा गुणाकार चुकला, तो पुसून पुन्हा केला. 'कळवू' म्हणाले.

मधल्या काळात देवधर सरांचा पंख मी पुन्हा केला. विमान उडालं, चांगलं उडालं, अकरा मिनिटं. सरांनी त्याचे इतके फोटो पाठवले की माझ्या फोनमध्ये जागा उरली नाही.

या सगळ्यातून शिकलो ते थोडकंच आहे. टिक ही आज बघितल्याची असते, काल बघितल्याची नव्हे. आणि सरांच्या हातातून वस्तू मागायची असेल तर 'सर, एक मिनिट' एवढंच म्हणावं लागतं. ते लगेच देतात. मी नंतर म्हणून पाहिलं.

कंपनीचं पाच आठवडे काही कळलं नाही. बाबांनी मालकांशी उरलेलं अर्धं बोलणंही करून टाकलं आणि मी दोन शनिवार काउंटरला उभा राहिलो. तिसऱ्या शनिवारी दुपारी, मी एका बाईंना साडीचे फॉल दाखवत असताना फोन आला. त्याच मॅडम होत्या. निवड झाली आहे, सोमवारी साडेसातला गेटवर यायचं, दोन फोटो आणायचे. काम इन्स्पेक्शनमध्ये. पहिले सहा महिने माझ्या प्रत्येक सहीखाली आणखी कुणाची तरी सही लागेल, चालेल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चालेल मॅडम.